बंद घराचं एक युनिट

पंचशीला घर बंद करायला निघाली की आळीतल्या बायका हातातलं काम टाकून बघायला येत. बाकीच्यांचं घर बंद करणं म्हणजे काय, तर दिवाळी सरली, मुकादमाचा निरोप आला, की भांडीकुंडी ट्रॉलीत टाकायची, दाराला कुलूप ठोकायचं आणि ऊस तोडायला निघायचं. मागं सहा महिने घरात उंदीर नांदोत नाहीतर नाग. पंचशीलेचं तसं नव्हतं. केजच्या पुढं जीपनं अर्ध्या तासावरच्या त्या गावात, बौद्धांच्या आळीत तिला तीन वर्षांपूर्वी घरकुल मिळालं होतं. वीस वर्षं पत्र्याच्या खोपटात काढलेल्या बाईला दोन खोल्या, वर स्लॅब, एक मोरी आणि लाईटचं मीटर. तेही नवऱ्याच्या नव्हे, तिच्या नावाचं. मीटर बसवलं त्या दिवशी तिनं ते ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं आणि वायरमननं ओरडून तिचा हात मागं ओढला, ही गोष्ट आळीत अजून सांगतात.

घर बंद करायला तिला चार दिवस लागत. ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालून ती पत्र्याच्या कोठीत भरायची आणि झाकणाची फट शेणामातीनं लिंपायची. टाकी रिकामी करून पालथी घालायची, रांजण पालथा, बादल्या पालथ्या. मोरीच्या भोकावर पाटा, म्हणजे जनावर आत यायला नको. गॅसचं रेग्युलेटर काढून टोपण लावायची. छताचा पंखा उतरवून जुन्या लुगड्यात गुंडाळायची आणि त्याच्या कडीला वाकळांचं गाठोडं टांगायची. उंदरानं कितीही कसरत केली तरी तिथवर पोचणार नाही. डिशचं रिचार्ज ती असं करायची की निघायच्या आदल्या रात्री ते संपलंच पाहिजे. मग भारत, म्हणजे तिचा नवरा, मालिकेच्या ऐन रंगात काळ्या पडद्याकडं बघत बसायचा.

आणि शेवटी लाईट. घरातला एकूण एक बल्ब काढून ती डब्यात ठेवायची. बटणांच्या पाटीवरच्या भोकांत चिंध्या कोंबायची. बघणाऱ्या बायका हसायच्या, म्हणायच्या, "कावून गं, करंट गळतो का काय?" करंट गळत नाही हे तिला ठाऊक होतं. पण कुंभारमाशी त्या भोकांत मातीचं घर बांधते आणि मग सहा महिन्यांनी प्लग आत जात नाही, हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं. सगळं झाकून झालं की मेन स्विच खाली. उघडी राहायची एकच गोष्ट, समोरच्या भिंतीवरची बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्यावर कापड टाकणं तिच्या जिवावर यायचं.

इतकं करून मागल्या साली काय झालं? तर परत आल्यावर दाराच्या फटीतून सारलेली सहा बिलं निघाली आणि प्रत्येकात साठ-साठ युनिट! पंचशीलेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरात ना बल्ब, ना पंखा, ना माणूस, मग साठ युनिट खाल्ले कुणी? तिनं डावीकडं पाहिलं. शेजारच्या चतुराबाईच्या ओसरीवर नवाकोरा टेबलफॅन गरागरा फिरत होता. चतुराबाई सत्तरीची, एकटी, तीन शेळ्यांची मालकीण. वयामुळं ती तोडीला जात नव्हती. आळी ओस पडायची तेव्हा मागं राहणाऱ्या चार-दोन म्हाताऱ्यांतली ती एक.

"फ्यान लई जोरात फिरतोय की," पंचशीला सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "कुनाच्या मीटरवर फिरतोय म्हनावं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! चतुराबाई उठली, पंखा बंद केला आणि आत गेली.

आठ दिवसांनी लाईनमन रामेश्वर आला आणि त्यानं उलगडा केला. मीटर घरात, घराला कुलूप. रीडिंग घेणाऱ्याला आकडा दिसत नाही, मग तो 'घर बंद' असं लिहितो आणि सरासरीनं बिल येतं. खरा आकडा बघून त्यानं बिल दुरुस्तही करून आणलं आणि पुढच्या बिलांचा मेसेज यावा म्हणून भारतचा मोबाईल नंबरही लावून दिला. चोरी कुणी केलीच नव्हती. चतुराबाईच्या घराला तिचं स्वतःचं मीटर होतं आणि पंखा तिच्या भाच्यानं दिला होता.

आता चूक कळली तर जाऊन सांगावं ना, की मावशी, चुकलं माझं. पण पंचशीलेचा हात जितका चालायचा तितकीच जीभ अशा वेळी अडायची. तिनं वाटीभर येसराची आमटी पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, घासून लख्ख केलेली आणि रिकामी. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात, हे आमच्याकडं लहान पोरीलाही कळतं. पंचशीला काय समजायचं ते समजली. त्यानंतर दिवाळीपर्यंत दोघी चतुराबाईच्या शेळ्यांशी बोलल्या, पण एकमेकींशी नाही.

या साली निघायच्या पाच दिवस आधी पंचशीलेनं जाहीर केलं, "औंदा आपल्याला शून्य युनिटचं बिल आलं पायजे."

"स्थिर आकार तर येनारच की," भारत म्हणाला.

"येऊ द्या. मीटर ठिवल्याचं भाडं समजते. पन युनिट शून्य. म्या सगळं बंद करून जाते, मग माझ्या नावावर एक युनिट तरी कावून लिवावं?"

भारत मोठा मिस्कील माणूस. तो म्हणाला, "लाव पैज. मीटर हाललं न्हाई, तर सबंद पावसाळा सकाळचा च्या मी करीन. पन एका युनिटानं जरी हाललं, तर मी टीव्ही बघताना मागून येऊन लाईट बंद करायची न्हाई."

पैज लागली. आता प्रश्न राहिला मीटर बाहेरून दिसायचा. ते बाहेर बसवून घ्यायचं तर अर्ज करा, तपासणी होऊ द्या, त्यात महिना जाणार. भारतनं छिन्नी-हातोडा आणला. मीटर होतं दाराजवळच्या भिंतीला. हा बहाद्दर बाहेर जाऊन बरोब्बर मीटरच्या मागं भिंतीला भोक पाडायला लागला. चार घाव बसले, नव्या गिलाव्याचा पोपडा उडाला, तशी पंचशीला भाकरीच्या पिठाच्या हातानं धावत आली.

"आवं, मीटरची पाठ बघाय येनार हाय का त्यो? आकडं पुढून असत्यात!"

भारत थांबला. हातोड्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि एवढा हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं. ती पण हसली. तो खड्डा अजून आहे तिथं. त्यात हल्ली ती काडेपेटी ठेवते.

मग ती आत जाऊन मीटरला पाठ लावून उभी राहिली आणि सरळ समोर बघितलं. समोर खिडकी! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या खिडकीच्या एका झडपेला बारीक जाळी ठोकली आणि ती उघडी ठेवली, की बाहेर उभा राहून कुणीही मोबाईलवर मीटरचा फोटो घेईल. जाळीतून ना उंदीर येणार, ना चिमणी. फक्त एक अडचण होती. ती खिडकी उघडत होती चतुराबाईच्या अंगणात.

दोन दिवस पंचशीला त्या अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी मन घट्ट करून आत गेली. चतुराबाई बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती.

"जयभीम, मावशी."

"जयभीम." शेंगा सोलणं थांबलं नाही.

पंचशीलेनं खिडकीचं, मीटरचं, शून्य युनिटचं सगळं सांगितलं. चतुराबाईनं ऐकून घेतलं.

"मीटर तुजं, खिडकी तुजी. माजं काय काम?"

"त्या मानसाला उभं राह्याला तुमचं अंगन लागतंय. महिन्यातून एकडाव."

चतुराबाईनं आता वर बघितलं. "येऊ दे की. माज्या अंगनात उभं राह्यलं म्हनून कुनी करंट चोर होत न्हाई."

बसायचा तिथं बसला तो टोला. पंचशीलेचे कान तापले. ती नुसती "बरं" म्हणाली आणि घरी येऊन उरलेल्या बादल्या पालथ्या घालायला लागली.

निघायच्या सकाळी आळीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या. कोयते, चुलीची पत्र्याची भांडी, ज्वारीची पोती, पाटीखाली डालून ठेवलेल्या कोंबड्या आणि वर माणसं. मुकादम तानाजी हॉर्न वाजवून वाजवून घायकुतीला आला होता. पंचशीलेनं मीटरचा आकडा भारतच्या मोबाईलमध्ये फोटोत घेतला, चारशे बारा. मेन स्विच खाली ओढला. तसबिरीपुढं हात जोडले, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि चावी कमरेच्या चंचीत टाकली. मागल्या सालीही चावी अशीच चंचीतून उसाच्या फडात गेली होती. कुणावर भरवसा ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता.

ती ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टर हलला. ओसरीवर चतुराबाई खांबाला टेकून उभी होती, हात न हलवता, नुसती बघत. सगळी आळी रिकामी होत होती आणि म्हातारी त्या रिकामेपणाच्या मधोमध उभी होती. पंचशीलेला एकदम वाटलं, आपण घराला सहा महिने सांभाळायला काय काय केलं, लिंबाचा पाला, पाटा, जाळी. आणि जे एक जितं माणूस राखणीला आहे त्याच्यावरच आळ घेतला.

"थांबवा हो!" ती ओरडली.

"आता काय ऱ्हायलं बे?" तानाजी पुढून भारतवर खेकसला.

ती खाली उतरली, पळत गेली आणि चावी चतुराबाईच्या हातात दिली.

"कावून?" चतुराबाई म्हणाली.

"घर हाय. असू द्या तुमच्यापाशी."

एवढंच ती बोलू शकली. चतुराबाईनं चावी पदराच्या टोकाला बांधली, गाठ ओढून घट्ट केली आणि म्हणाली, "जा. ट्रॅक्टर सोडून जाईल तुला."

पुढचे महिने उसाच्या फडात गेले. पहाटेपासून तोड, मोळ्या, गाडी भरणं. त्या कष्टाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण दर महिन्याला एक दिवस टोळीची मोठी करमणूक व्हायची. भारतच्या मोबाईलवर बिलाचा मेसेज यायचा आणि भारत मोळीवर उभा राहून तो मोठ्यानं वाचायचा.

"वीज वापर... शून्य युनिट!"

बायका टाळ्या वाजवायच्या. पंचशीला कोयता वर धरायची, जणू निवडणूक जिंकली. पहिल्या महिन्यात शून्य, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात शून्य. तानाजी म्हणायचा, "वहिनी, पुढच्या बारीला लाईटवाले तुमालाच पैसे देत्याल." भारतला लोक आत्तापासूनच चहा कसा करायचा ते शिकवायला लागले होते. आलं कधी टाकायचं यावर एकदा तर दोन जणांत भांडणही झालं.

त्या साली ऊस लई होता. मार्च संपला, कारखाना बंद व्हायचं नाव नाही. चौदा एप्रिलला टोळीतल्या बौद्धांनी ट्रॉलीला निळा झेंडा बांधला, पंचशीलेनं चुलीवर शेवयांची खीर केली आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली. आळीत राहिलेल्यांची जयंती कशी झाली असेल याची बोलणी निघाली. पंचशीला त्यात फार बोलली नाही. तिला घर आठवत होतं.

महिन्याच्या शेवटी मेसेज आला. भारत सवयीनं मोळीवर चढला, "वीज वापर..." म्हणाला आणि थांबला. परत वाचलं.

"एक युनिट."

फडात हशा उसळला. भारतनं मोळीवरच नाच केला. "माजा टीव्ही! माजी लाईट!" तानाजीनं पाठ थोपटली. पंचशीला मात्र कोयता खाली टेकून उभी राहिली. मेन स्विच खाली होता. तिनं स्वतःच्या हातानं ओढला होता. चावी एकाच माणसाजवळ होती.

मागल्या सालचं ते वाक्य पुन्हा जिभेवर येऊन बसलं, अगदी तयार, आळीभर ऐकू जाईल असं. टोळीतली एक बाई म्हणालीसुद्धा, "म्हातारीनं काय लावलं आसंल गं तुज्या घरात?" पंचशीलेनं तिच्याकडं असं बघितलं की ती गप झाली. "काय लावायचं ते लावू दे," पंचशीला म्हणाली. "चावी म्या दिली." ते म्हणताना तिला फार जड गेलं. मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, दहा दिवस तिनं चतुराबाईला फोन करायचं टाळलं. तोंडाला कुलूप म्हणजे काय, हे तिला दाराचं कुलूप लावूनही इतकं कधी कळलं नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन कलल्यावर ट्रॅक्टर आळीत शिरला. चतुराबाई ओसरीवरून उठून आली आणि पदराची गाठ सोडून चावी पुढं केली. पंचशीलेनं कुलूप उघडलं. आत जाऊन ती एक एक बघत गेली. कोठीचं लिंपण तसंच. मोरीवर पाटा तसाच. वाकळांचं गाठोडं कडीला लटकलेलं. भोकांतल्या चिंध्या जागच्या जागी. मीटरवर चारशे तेरा.

आणि समोर तसबीर. तिला झेंडूचा हार घातलेला, वाळून तपकिरी झालेला. तसबिरीच्या वरच्या होल्डरमध्ये एक बल्ब होता. पंचशीलेचा नव्हे. तिचे सगळे पांढरे, कमी खाणारे, डब्यात होते. हा जुना, पिवळा, शंभरचा होता. असला बल्ब म्हणजे पंचशीलेच्या हिशेबी घरात बोलावून बसवलेला दरोडेखोर.

"तीन सांजा लावला," मागून चतुराबाई म्हणाली. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. "जयंतीला मागं ऱ्हायलेल्या सगळ्यांनी माळा लावल्या. जी घरं बंद व्हती, त्यांच्या शहरातल्या पोरांनी येऊन ओट्यावर दिवं ठिवलं. तुज्या घरात कोन ठिवनार? एकटं तुजं घर काळंकुट्ट. आन आत बाबासायेब अंधारात. मला काय खपंना. तुजं बलप डब्यात घालून बसलीस, डबा कुटं ठिवलास घावंना, म्हून माज्या शेळीच्या करडावर थंडीत लावते त्यो आनून लावला. खिडकीतनं उजेड पार माज्या अंगनात येत व्हता बघ." मग तिनं जरा आवाज उतरवला. "बिल आलं आसंल. किती झालं सांग, देते. आळ नको मला परत."

पंचशीलेला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यानं तिला नीट बोलता येईना. वर्षभर अडलेलं ते आत्ता निघालं.

"मावशी, मागल्या साली चुकलं माजं. लई चुकलं."

"म्हाईतंय मला," चतुराबाई म्हणाली. "सांगाय येवडा टाइम लावलास व्हय गं?"

"आन तीनच दिवस कावून लावला? हप्ताभर लावायचा की!"

हे ऐकून भारत दारातच थांबला. त्याची बायको कुणाला तरी लाईट जास्त लावायला सांगत होती. पंचशीलेनं चतुराबाईच्या हाताला धरून तिला आत आणलं, मेन स्विच वर केला आणि तो शंभरचा बल्ब लावला. तसबीर, वाळका हार, गाठोडं, सगळं पिवळं पिवळं उजळलं. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. पण बंद कर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याकडून आणलेला गूळ वाटीभर शेजारी गेला. वाटी परत आली ती काठोकाठ कैरीच्या लोणच्यानं भरून. पैजेचं म्हणाल, तर पंचशीलेनं शब्द पाळला. भारत टीव्ही बघताना ती लाईट बंद करायला गेली नाही. फक्त मागं उभी राहून मोठ्यानं उसासे टाकायची. तेही पैजेत धरायला हवे होते, असं भारतला नंतर वाटलं.

दिवाळी सरली. तानाजीचा निरोप आला आणि पंचशीलेनं पुन्हा घर बंद करायला घेतलं. पाला, लिंपण, पाटा, चिंध्या, जाळी, सगळं बैजवार. बायका बघायला आल्या होत्या. एक एक बल्ब उतरला आणि डब्यात गेला. भारत डब्याचं झाकण लावायला लागला आणि त्याचं वर लक्ष गेलं.

"त्यो ऱ्हायला की वरचा. शंभरचा."

"ऱ्हाऊ द्या," पंचशीला म्हणाली. "त्यो मावशीचा हाय."

मेन स्विच खाली ओढून ती बाहेर आली, कुलूप लावलं, आणि ट्रॅक्टरकडं जायच्या आधी चावी घेऊन शेजारच्या अंगणात गेली.